रालायच्या ब्रेकची तक्रार

रालायला कुणी धंदा विचारला तर तो टॅक्सी चालवतो असं कधी म्हणायचा नाही. "उतारावरनं माणसं खाली आणतो," असं सांगायचा. चढाला काय, इंजिन ओढतं, त्यात आपली कसली आलीय कर्तबगारी, असं त्याचं म्हणणं. आणि खोटं तरी कसं म्हणावं? आमचं हे अंतानानारिवो शहर म्हणजे नुसते चढ आणि उतार. सपाट जागा हवी असेल तर तळ्याकाठी जावं, नाहीतर भाताच्या खाचरांत.

तर उतार लागला की रालायचा उजवा हात आपोआप किल्लीवर जायचा. खट्. इंजिन बंद. आता यात नवल काही नाही, इथे सगळेच करतात. पेट्रोल काय फुकट येतं? गिऱ्हाईक बसल्यावर पंपावर जाऊन दोन लिटर घालायचं, तेही प्लॅस्टिकच्या बाटलीत, ही आमची रीत. ते उताराला जाळत बसायला कुणी राजा लागून गेलाय का? पण बाकीचे ड्रायव्हर अर्ध्या उतारावर किल्ली फिरवायचे आणि खाली पोचायच्या आधीच पुन्हा गिअर टाकायचे. रालाय मात्र वरच्या वस्तीतल्या चर्चपाशी किल्ली बंद करायचा तो थेट बाजाराच्या चौकात चालू करायचा. मधली सगळी वळणं, बायाबापड्या, कोंबड्या, हातगाड्या, सगळ्यांना एका दमात चुकवत.

आणि इंजिन गप्प झालं की रालाय बोलायला लागायचा. त्याची जुनी गाडी चढाला एवढी बोंबलायची की कुणाला कुणाचं ऐकू येत नसे. उताराला मात्र खिडकीतनं फक्त वारा. मग माणसं पोटातलं बोलायची. कुणाच्या सुनेचं पटत नाही, कुणाला डॉक्टरनं काय सांगितलं, कुणाचा भाऊ जमिनीवरून कसा फिरला, रालायला सगळं ठाऊक. आणि ठाऊक असून तो दुसऱ्या उताराला तिसऱ्याला सांगायचा नाही. म्हणून तर बायका चार पावलं जास्त चालून त्याच्याच गाडीत बसायच्या. टोपलीत बदकं घेतलेल्या म्हाताऱ्यांकडून तो बदकांचे वेगळे पैसे घ्यायचा नाही, हेही एक कारण असेल म्हणा.

ती जुनी गाडी शेवटी गेली. पायाखाली फळी टाकून टाकून किती दिवस काढणार? एक दिवस चर्चसमोर उभी असताना मधोमध खचली आणि बसली. रालाय दोन दिवस नीट जेवला नाही. त्याची बायको बाकुली त्याला म्हणाली, "अहो, गाडीच होती ती. मी गेले तर एवढं तरी रडाल का?"

मग दुसरी गाडी आली. मुलीनं, नुरूनं, हात दिला. नुरूचं बाजाराच्या चौकात भरतकामाचं दुकान. टेबलावरची कापडं, पडदे, असलं काढून विकते. गाडी नवी म्हणजे आपली आमच्या हिशेबानं नवी. कुठल्यातरी फ्रेंच गावात पंधरा-वीस वर्षं राबून, जहाजातून आलेली. पण दारं एका झटक्यात बंद व्हायची, आणि पायाखाली रस्ता दिसायचा नाही. रालायनं तिला टॅक्सीचा दुधाच्या सायीसारखा रंग दिला. घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या आत्याबाईंनी रीतीप्रमाणे आशीर्वाद म्हणून गाडीवर, गाडीत आणि रालायच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. त्यांचा हात जरा सढळ, सीट दोन दिवस ओली राहिली.

या गाडीतून रालाय रोज सकाळी वस्तीतली चार पोरं शाळेला न्यायचा. त्यातली एक नुरूची मियाली, त्याची नात. दुसरीतली. तिला आजोबांच्या मागच्या सीटवरच बसायचं असायचं आणि तिथून ती रस्त्यावरच्या प्रत्येक बैलगाडीची बातमी द्यायची. पोरांना पोचवणं हेच रालायचं दिवसातलं खरं काम, बाकी फेऱ्या म्हणजे पोटासाठी.

आणि नेमका त्याच गाडीचा ब्रेक दगा द्यायला लागला.

दगाही धड नाही. लहान उताराला ठीक. मोठ्या उताराला मात्र एकदा दाबला तर लागे, दुसऱ्यांदा दाबला तर जरा कुरकुरत लागे, आणि तिसऱ्यांदा पायाखाली दगड ठेवल्यागत घट्ट. पाय तुटेस्तोवर दाबा, ढिम्म हलायचा नाही. रालायचे पाय काही लेचेपेचे नव्हते. जुन्या गाडीला त्याच पायांनी त्यानं जन्मभर थांबवलं होतं.

तो झेफाकडे गेला. झेफा म्हणजे खाचरांच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये गाड्या दुरुस्त करणारा त्याचा जुना दोस्त. झेफानं चाकं काढली, आतले ब्रेकचे लायनर बदलले, ब्रेकचं तेल बदललं, शेडसमोरच्या सपाट रस्त्यावर गाडी पळवली आणि कचकन थांबवली.

"बघ. बाटलीतलं पाणीसुद्धा सांडलं असतं. काय वाईट आहे हिला?"

"उताराला ये म्हणजे कळेल."

"अरे, ब्रेक तो ब्रेक. सपाटीला लागतो तो उताराला लागत नाही असं कुठं असतं का?"

रालाय तीनदा गेला. तीनदा झेफानं काहीतरी बदललं आणि तीनदा सपाटीवर गाडी शहाण्यासारखी वागली. आत्याबाईंचं मत पडलं की गाडी परक्या मुलखातून आली आहे, तिला इथले पूर्वज ओळखत नाहीत, तेव्हा पुन्हा पाणी शिंपडावं. बाकुलीनं हात जोडून त्यांना आवरलं.

मग लांतूबाई आल्या. यांची दोन पोरं रालायच्या गाडीत असायची. आमच्याकडे तक्रार करायची म्हणजे काही तोंड उघडलं आणि केली, असं नसतं. लांतूबाई बसल्या, बाकुलीनं आमच्याकडे पाहुण्याला देतात ते करपलेल्या भाताचं गरम पाणी दिलं ते प्याल्या, मग म्हणाल्या, मी वयानं लहान, मोठ्यांसमोर आधी तोंड उघडते याची माफी असावी. मग थंडीबद्दल झालं. मग आत्याबाईंच्या गुडघ्यांबद्दल. मग रालायसारखा सांभाळून चालवणारा माणूस अख्ख्या वस्तीत नाही, हे दोन वेगवेगळ्या तऱ्हांनी सांगून झालं. आणि मग, कुणा एका घरातली पोरं हल्ली सांगतात म्हणे, की कुठल्याशा गाडीत आजोबा दोन्ही पायांनी ब्रेक दाबतात आणि ओठ चावतात.

रालायनंही रीत सोडली नाही. पोरं देवाची देणगी, पोरांची नजर तिखट, ज्या कुणाची ती गाडी असेल तो नक्कीच लक्ष घालत असेल, असं तो म्हणाला. लांतूबाई म्हणाल्या, मग बघूच. आणि हसतमुखानं गेल्या.

"बघू म्हणाली," रालाय बायकोला म्हणाला.

"बघू म्हणजे काढून घेणार," बाकुली म्हणाली. "तुम्हाला अजून बायका कळायच्या आहेत."

तेवढीही वेळ आली नाही. त्याच आठवड्यात एका सकाळी चौक ओलांडून शाळेकडचा मोठा उतार लागला. तो उतार सरळ तळ्याच्या दिशेनं जातो आणि मध्ये एकच वळण, पण वाईट. गाडीत चारही पोरं. रालायनं एकदा दाबला, लागला. वळणाआधी दाबला, थोडा लागला. वळण घेतलं तर समोर कोळशाच्या पोत्यांची हातगाडी, आणि तिला मागून खांदे लावलेली चार अनवाणी माणसं. त्यानं दाबला आणि पायाखाली दगड.

दोन्ही पाय दिले. हँडब्रेक ओढला. गाडी थांबेना. मग त्यानं चाक फिरवलं आणि रस्त्याकडेला बांधकामाचा वाळूचा ढीग होता त्यात नाक खुपसलं. हातगाडीवाल्यांनी मागे वळून पाहिलं तेव्हा सगळं झालेलं होतं.

कुणाला काही लागलं नाही. मियालीचा तेवढा एक दात पडला, तो दुधाचाच होता आणि तसाही हलत होता. तिला तर आनंदच झाला. पण ओठावरून रक्त आलं आणि शाळेच्या निळ्या डगल्यावर सांडलं. रालायनं तिला गाडीतून उचलून बाहेर काढलं. वाळूत बसून तो तिचं तोंड पुन्हा पुन्हा पुसत राहिला, पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं तरी.

नुरूनं माफीबिफी काही मागितली नाही. ती संध्याकाळी आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "बाबा, ब्रेक नीट होईपर्यंत मियाली पायी जाईल."

"पायी? एवढ्या पायऱ्या?"

"पायऱ्यांना ब्रेक लागत नाही."

बाकीच्या आयांनीही पोरं काढली. एकेक आई येऊन माफी मागून, थंडीबद्दल बोलून गेली. त्यांचं रालायला एवढं वाटलं नाही. पण सकाळी गाडी घेऊन उतरताना त्याला त्या दगडी पायऱ्यांवर पाठीला दप्तर लावलेली मियाली दिसायची. ती हात करायची. तो हात करायचा. आणि रिकाम्या गाडीत त्याला तोंड लपवावंसं वाटायचं. बाकुलीला तो एकदाच म्हणाला, "मी आपल्याच पोरीच्या पोरीला न्यायच्या लायकीचा राहिलो नाही." एरवी फटकन बोलणारी बाकुली त्या दिवशी नुसता भात ढवळत बसली.

मग तो झेफावर उखडला. तो रागावतो कधी? पण त्या दिवशी शेडच्या दारात उभं राहून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "तू माझी गाडी तीनदा बघितलीस आणि तीनदा सपाटीवर बघितलीस. माझ्या नातीनं वाळूत दात पाडला. आता तरी गाडीत बस."

झेफा निमूट बसला. दोघं वर चर्चपाशी गेले. उतार लागला, रालायचा हात किल्लीवर गेला, खट्, आणि गाडीत शांतता झाली. शांतता झाल्याबरोबर झेफाला त्याच्या मेव्हण्याची आठवण झाली. डुकरं पाळायचं खूळ घेऊन त्यानं झेफाच्या बायकोला कसं भरीस घातलं, हे तो सांगायला लागला. रालायही 'मग? मग?' करत ऐकायला लागला. गोष्टीतलं डुक्कर व्यालं तेवढ्यात तिसऱ्यांदा ब्रेक दाबायची वेळ आली.

"हे बघ. आता बघ," रालाय दातओठ खात म्हणाला. हँडब्रेक ओढत, कडेच्या भिंतीला चाक घासत त्यानं कशीबशी गाडी थोपवली.

झेफाचा चेहरा पांढरा पडला. पण कारागीर तो कारागीर. "हो बाजूला," म्हणाला, "मला चालवू दे." गाडी पुन्हा वर नेली. या खेपेला चाकावर झेफा. उतार लागला. झेफाचाही हात किल्लीवर गेला आणि त्यानंही इंजिन बंद केलं. रालायला त्यात काही वावगं दिसलं नाही. झेफालाही नाही.

एकदा दाबला. दुसऱ्यांदा दाबला. तिसऱ्यांदा दगड. झेफा घाबरला आणि त्यानं घाबरलेला ड्रायव्हर करतो ते केलं, किल्ली फिरवली, गिअर टाकून क्लच सोडला. गाडी खोकली, इंजिन जागं झालं, आणि त्याच क्षणी दाबून धरलेला तो ब्रेक असा काही लागला की दोघांची कपाळं समोरच्या काचेवर आपटली.

गाडी रस्त्याच्या मधोमध उभी. मागे भोंगे. दोघं कपाळं चोळत बसलेले.

"रालाय," झेफा म्हणाला, "तू उताराला इंजिन बंद करतोस."

"म्हणजे? तू नाही करत?"

"मीही करतो."

"उताराला इंजिन चालू कोण ठेवतं?"

"तेच तर," झेफा म्हणाला. "आपण दोघंही गाढव आहोत."

मग त्यानं समजावून सांगितलं. जुन्या गाडीचा ब्रेक नुसत्या पायावर चालायचा, इंजिन असो नसो. या गाडीत इंजिन चालू असेल तोवर ब्रेकला त्याचा हात लागतो. बंद केलं की जो काही दम उरतो तो एक-दोन दाबांपुरता, मग माणसाचा पाय एकटा पडतो. शेडमध्ये झेफानं प्रत्येक वेळी इंजिन चालू ठेवून पाहिलं होतं, कारण सपाटीवर बंद करून गाडी चालेल कशी? ब्रेकला काही झालंच नव्हतं. पहिल्या दिवसापासून धडधाकट होता.

रालायला हसू आलं, मग रडू आलं, मग पुन्हा हसू. उद्याच मियालीला गाडीत घ्यायची, असं ठरवून तो झेफाला सोडायला निघाला. चौक ओलांडून खाचरांकडे वळले. उतार लागला. आणि खट्.

झेफानं नुसतं त्याच्याकडे पाहिलं.

रालायनं घाईनं किल्ली फिरवली. पण आत्ता, या घटकेला, सगळं डोक्यात लख्ख असताना हात गेला होता. कधी गेला ते त्याला कळलंही नव्हतं.

तो घरी गेला नाही, नुरूच्या दुकानात गेला. नुरू खिडकीशी बसून कापडावर जांभळी फुलं काढत होती. तिनं वर पाहिलं, बापाच्या कपाळावरचं टेंगूळ पाहिलं आणि सुई थांबवली.

"झाला का ब्रेक?"

हो म्हणायला काय जात होतं? झेफा कुणाला सांगणार नव्हता, आणि गाडी तर खरंच नीट होती.

"ब्रेक चांगलाच होता गं," रालाय म्हणाला. "माझा हात चांगला नाही." आणि त्यानं सगळं सांगितलं, परतीच्या उतारासकट. "मियालीला इतक्यात देऊ नकोस माझ्याकडे. मीच सांगतो."

"किती दिवस?"

"ते या हाताला विचार."

नुरूनं मान खाली घातली आणि पुन्हा सुई टोचायला लागली. रालाय गाडीकडे गेला.

मग त्याचं ते सुरू झालं. गिऱ्हाईक नसलं की रिकामी गाडी घेऊन वर जायचं आणि उतरायचं. किल्लीला त्यानं आधी चिंधी बांधली, हातानं चिंधीसकट किल्ली फिरवली. चिकटपट्टी लावली, हातानं ती सोलून काढली आणि किल्ली फिरवली. मग त्यानं चाकावर उजवा हात डाव्यानं दाबून धरला, तर वळण घेता येईना. पेट्रोल जळायचं ते पाहून त्याचा जीव तुटायचा. गुरगुरणाऱ्या इंजिनाचा आवाज ऐकत उतरायचं म्हणजे त्याला अवघडून, परक्याच्या घरात जेवल्यासारखं व्हायचं. गिऱ्हाइकं विचारायची, "काय रालाय, लॉटरी लागली का?" त्यांना ओरडून उत्तर द्यावं लागे, आणि ओरडून कुणी आपल्या सुनेबद्दल सांगत नाही. माणसं खिडकीबाहेर बघत बसू लागली. याचं त्याला पेट्रोलपेक्षा जास्त वाईट वाटलं.

बाकुली म्हणायची, "अहो, या वयात माणूस दात बदलतो, हात बदलत नाही." पण रोज त्याच्या आधी उठून ती त्याला तांदळाचे गरम पोळे बांधून द्यायची, आणि परत आला की विचारायची, "आज किती वेळा?" तो कधी म्हणायचा, बरेचदा. कधी म्हणायचा, कमी.

एका सकाळी तो गाडी पुसत होता तर समोर नुरू. हाताला धरून मियाली, पाठीवर दप्तर. नुरूनं मागचं दार उघडून पोरीला बसवलं, स्वतः पुढे बसली आणि दार लावलं.

"चला," म्हणाली.

"नुरू, अजून हात..."

"चला बाबा. उशीर होतोय."

त्यानं गाडी काढली. मियालीनं मागून लगेच बातम्या द्यायला सुरुवात केली, एक बैलगाडी, दोन बदकं, मास्तरांची सायकल. चर्च आलं. उतार लागला. आणि रालायला आपला उजवा हात चाकावरून सुटताना दिसला. या वेळी दिसला. हात किल्लीपर्यंत गेला, तिथे थांबला. नुरूनंही तो पाहिला. तिचा हात आडवा आला नाही. ती मांडीवरच्या कापडाच्या पिशवीची गाठ घट्ट करत राहिली.

हात परत चाकावर आला. इंजिन गुरगुरत राहिलं. रालायच्या कानशिलावरून घाम निघाला होता, आणि सकाळची तर बोचरी थंडी. खाली एक म्हातारी शेळ्या घेऊन आडवी आली, त्यानं ब्रेक दाबला, पुन्हा दाबला, पुन्हा पुन्हा दाबला. दर वेळी लागला. मियाली म्हणाली, "आजोबा, किती मोठा आवाज करते ही गाडी."

बाजाराचा चौक आला. नुरू म्हणाली, "इथं थांबवा."

त्यानं गाडी तिच्या दुकानासमोर उभी केली. नुरू उतरली आणि मागच्या दाराकडे आली. रालायला वाटलं, आता पोरीला उतरवून घेणार, इथून पुढे स्वतः चालत नेणार. बरोबरच होतं. त्यानं मान वळवली नाही. पण नुरूनं खिडकीतून हात घालून मियालीच्या डगल्याचं वरचं बटण तेवढं लावलं.

"नीट बस. आजोबांना पिडू नकोस."

"नुरू," रालाय म्हणाला, "पुढे शाळेचा उतार आहे. तो मोठा."

"माहीत आहे," नुरू म्हणाली. "मला दुकान उघडायचंय."

आणि ती गेली. पाठमोरी, किल्ल्या शोधत, एकदाही मागे न बघता. रालायचे डोळे असे भरून आले की समोरचा रस्ता दिसेना. मागच्या मिनीबसचा कंडक्टर दारातून लोंबकळत त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायला लागला, तरी त्यानं आधी बाहीनं डोळे कोरडे केले, मग दोन्ही हात चाकावर ठेवले आणि नातीला घेऊन उताराला लागला.